जिन्याखालच्या तीन भेटी

जबाब देणाऱ्याचं नाव: ओळखपत्रावरून वेगळ्या कागदावर घेतलं आहे. टोपणनाव: काडेपेटी (घरी आणि ऑफिसात याच नावाने हाक मारतात). वय: बावीस वर्षं. शिक्षण: कॉलेजचं दुसरं वर्ष, अर्धवट. धंदा: नोकरी, थकलेल्या हप्त्यांची वसुली. राहणार: थोरल्या बहिणीकडे, तिसरा मजला, गच्चीच्या जिन्याला लागून असलेली खोली.

मंगळवार, तारीख २५, सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी मी आपण होऊन ठाण्यात आलो. मला कोणी बोलावलं नव्हतं. अंमलदारांसमोर बसून सांगतो ते असं की,

ज्या घटकेला माझं सगळं बदललं ती मला नक्की सांगता येते. बुधवार, तारीख १२, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. जागा, आमच्या ऑफिसातलं खिडकीकडून तिसरं टेबल. कर्जदाराची मुलगी (यापुढे नुसतं ‘मुलगी’) माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने विचारलं, “बाबांना तू भेटलास?” मी “हो” म्हणालो. मी त्यांना भेटलो नव्हतो. त्या दिवशी नाही, त्याआधी नाही, आजतागायत नाही. हे सगळ्यात आधी लिहून घ्यावं अशी माझी विनंती आहे, कारण पुढचं ऐकल्यावर ते लिहायला कोणाचा हात धजणार नाही.

आमचं ऑफिस दुकानांना लागणारी मशीनं विकणाऱ्या एका व्यापाऱ्यासाठी थकलेले हप्ते वसूल करतं. काम कायद्यात बसणारं आहे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कोणाच्या दारात जायचं नाही, गळ्यात ओळखपत्र, खिशात अधिकारपत्र, शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाच्यता नाही, आवाज चढवायचा नाही. आमचे साहेब नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात, “आपण गुंड नाही, आपण आठवण आहोत.” मला तर त्यांनी वर हेही सांगितलं, “काडेपेटी, तू पेटलास की गाशा गुंडाळ.” गेल्या सात महिन्यांत मी एकाही कर्जदारावर ओरडलेलो नाही. हे ऑफिसात विचारून खात्री करून घ्यावी.

प्रत्येक भेटीचा एक कागद भरावा लागतो. वेळ, कोण भेटलं, काय बोलणं झालं, आणि शेवटचा रकाना ‘खूण’. माझ्या आधीच्या एका माणसाने महिनाभर घरी लोळत भेटींचे कागद भरले होते. तेव्हापासून साहेबांनी हा रकाना घातला. खरोखर गेला असशील तर तिथलं एक काहीतरी लिही, जे गेल्याशिवाय कळणार नाही. कपाटाची फुटलेली काच, पायावरचा डाग, असलं काहीही. साहेब पैशांआधी खूण वाचतात.

कर्जदार हे चष्म्याचे दुकानदार. वस्तीत त्यांना चष्मेवाले काका म्हणतात. काच घासायचं मशीन त्यांनी हप्त्यांवर घेतलं आणि पाच हप्ते थकले. हे खातं माझ्याकडे नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे होतं, त्याला आम्ही मुनीम म्हणतो. मी माझी दोन चांगली खाती त्याला देऊन हे घेतलं. मुनीम म्हणाला, “येड लागलंय का तुला? पाच हप्ते थकलेला म्हातारा कोण घेतं?” का घेतलं असं विचारण्यात आलं. मुलीशी ओळख होती. ओळखीतलं खातं साहेबांना परत करायचं असा नियम आहे. तो मी मोडला.

ओळख कशी, असंही विचारण्यात आलं. आम्ही एका वर्गात होतो. कॉलेजच्या कँटीनमध्ये एकजण तिच्याबद्दल काहीतरी बोलला, मी त्याला मारलं, त्यात खिडकीची काच गेली. मला पंधरा दिवस यायला बंदी केली, मी सोळाव्या दिवशीही गेलो नाही. मारामारीच्या दिवशी फाटकापाशी मुलगी एवढंच म्हणाली, “मी सांगितलं होतं का तुला मारायला?” त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही. मी तिला पत्रं लिहिली होती. किती ते सांगायची गरज वाटत नाही, एकही दिलेलं नाही.

मंगळवार, तारीख ४, सायंकाळी ५.४० वाजता मी कर्जदाराच्या इमारतीत पोचलो. ते दुसऱ्या मजल्यावर राहतात. तळाला जिन्याखाली विजेच्या मीटरच्या पेट्या आहेत, तिथे एक बल्ब दिवसाही चालू असतो. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबलो. दार ती उघडेल, आणि माझ्या गळ्यात ते ओळखपत्र असेल, वसुलीचं. मी ते शर्टाच्या आत घातलं. तसं करायला परवानगी नाही, म्हणून पुन्हा बाहेर काढलं. वीस मिनिटं मी पेट्यांजवळ उभा होतो. मग तिथेच कागद मांडीवर घेऊन भरला. ‘कर्जदार स्वतः भेटले. पुढच्या मंगळवारी बघू म्हणाले. खूण: चष्म्याची उजवी काडी पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली.’ चष्मेवाला आहे, म्हणून चष्म्याचं सुचलं. मी त्यांना जन्मात पाहिलेलं नव्हतं.

मंगळवार, तारीख ११ रोजी तेच. कागदावर लिहिलं, ‘भेटले. अजून जमलं नाही म्हणाले. खूण: शर्टाचं वरून दुसरं बटण वेगळं, हिरवं.’

नंतर मला जे कळलं ते असं. चष्मेवाले काका रविवारी, तारीख २ रोजी, सकाळी साडेसहाला दुकान उघडतो म्हणून घरातून निघाले ते परत आले नाहीत. दुकानाला कुलूपच होतं. सोमवारी मायलेकींनी याच ठाण्यात हरवल्याची तक्रार दिली. ठाण्यातून चौकशी होताना थकलेल्या हप्त्यांचा विषय निघाला, ११ तारखेला संध्याकाळी आमच्या ऑफिसात फोन आला, आणि साहेबांनी मोठ्या अभिमानाने माझे दोन्ही कागद ठाण्यात आणून दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकींना इथे सांगण्यात आलं की तुमचा माणूस हरवलेला नाही, वसुलीवाल्याला दर मंगळवारी भेटतोय, हप्ते चुकवायला ही नाटकं करू नका. त्या दिवसापासून शोध थांबला. माझ्या कागदामुळे थांबला. मी हे सांगायला आलो आहे.

१२ तारखेला मुलगी ते कागद भरणारा माणूस कोण हे बघायला ऑफिसात आली होती. मला बघून ती दारातच थबकली. मग वर लिहिलेला प्रश्न विचारला. माझ्या मागे साहेब उभे होते. खोटा कागद म्हणजे त्याच दिवशी घरी. पण मी साहेबांना घाबरून “हो” म्हणालो असं लिहू नये. ती वर्षभराने माझ्याशी बोलत होती.

“कुठे भेटले?”

“जिन्याखाली. मीटरपाशी.”

“काडी कुठल्या दोऱ्याने बांधली होती?”

“लिहिलंय की. पांढऱ्या.”

“शनिवारी रात्री आईने बांधली,” ती म्हणाली. “माझ्यासमोर. आणि हिरवं बटणही तिनेच लावलं, त्याच रात्री. तो शर्ट घालून ते सकाळी निघाले. बाहेर कोणी त्यांना तसं पाहिलेलंच नाही रे.” मग ती खुर्चीवर बसली. मी तिला पाणी दिलं. साहेब म्हणाले, “बघा, म्हणून मी खूण लिहायला लावतो.”

त्या वेळी मला काय वाटलं असं विचारण्यात आलं. योगायोग असेल असं वाटलं. दोरा आणि बटण, दोन्हींच्या बाबतीत वाटलं का, असं विचारलं. नाही.

मुलगी म्हणाली की पुढच्या मंगळवारी ती आणि आई जिन्याखाली थांबतील. माझ्या तोंडातून दुसरं काही निघेना, मी म्हणालो, “घरच्यांना बघितलं तर ते निघून जातील. लाज वाटते त्यांना. तुम्ही वर दार लावून बसा, मी निरोप सांगतो.” तिने ते ऐकलं. ज्या मुलीने कॉलेजात माझं एक अक्षर कधी ऐकून घेतलं नाही, तिने हे ऐकलं.

मंगळवार, तारीख १८, सायंकाळी ५.४०. मायलेकी वर दार लावून बसल्या होत्या. मी खाली पेट्यांजवळ उभा राहिलो. त्यांना खात्री पटावी म्हणून मी मोठ्याने बोलू लागलो. “या काका. हप्त्याचं आज राहू द्या. घरी का येत नाही?” असं विचारून एखादा माणूस उत्तर द्यायला जेवढा वेळ घेईल तेवढा थांबायचो, मग “बरं, बरं” म्हणायचो. असं सात-आठ मिनिटं केलं. त्या वेळात जिन्यावरून कोणी वर गेलं नाही, कोणी खाली आलं नाही. माझ्याजवळ कोणीही नव्हतं. मला माझा वेडेपणा कळत होता, हसूही येत होतं.

वर गेलो तेव्हा कर्जदाराची बायको, म्हणजे काकू, दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, “आवाज बसलाय रे त्यांचा. थंडीत बसतात की काय कुठे?”

मला वाटलं, माझाच आवाज त्यांना तसा वाटला असेल. मी मुलीला बाजूला घेऊन विचारलं, “तू काय ऐकलंस? खरं सांग.”

ती म्हणाली, “तू विचारलंस, घरी का येत नाही. बाबा म्हणाले, पायऱ्या चढवत नाहीत.”

हे वाक्य मी उच्चारलं नव्हतं. ते माझ्या मनातही आलेलं नव्हतं. अंमलदारांनी हे दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं.

काकूंनी विचारलं, “दुकानाची दुसरी किल्ली कुठे ठेवलीय ते विचारलंस का?” पहिली ते घेऊन गेले होते. मी विचारायला विसरलो असं म्हणणं सोपं होतं. पण त्या दोघी माझ्या तोंडाकडे अशा बघत होत्या की मी म्हणालो, “जुन्या फ्रेमांच्या डब्यात आहे म्हणाले. तळाशी.” आणि काहीतरी बरं वाटावं म्हणून पुढे जोडलं, “तुमच्या गुडघ्याचंही विचारत होते.” काकू लंगडत चालतात, ते मला दारातच दिसलं होतं. मुलीने कपाटावरून पत्र्याचा डबा काढला आणि सगळ्या फ्रेमा जमिनीवर ओतल्या. तळाला किल्ली होती. काकू किल्ली हातात घेऊन बराच वेळ खालीच बसून राहिल्या. मला खुर्ची दिली होती, मी तिच्यावर बसलो नाही.

१८ ते २४ या दिवसांत मुलगी मला रोज फोन करायची. बाबांना हे विचार, ते विचार. एकदा ती फोनवर हसली. नव्या उत्तराची गरज पडली की मी मनाला येईल ते सांगायचो, आणि दुसऱ्या दिवशी ती म्हणायची, “बरोबर निघालं.” कोणती उत्तरं, त्याची यादी मी वेगळी देईन. शुक्रवारपासून मी आरशासमोर दाढी करताना स्वतःशी बोलणं बंद केलं. ताईने विचारलं, “एवढा गप्प का? कोणाशी भांडलास?” मी सांगितलं, कोणाशीच नाही.

सोमवारी, तारीख २४ रोजी, मुलगी ऑफिसच्या खाली भेटली. म्हणाली, “बुधवारी आम्ही ठाण्यात जाऊन तक्रार मागे घेतो. बाबा आहेत हे कळलं, बस झालं. येतील त्यांना वाटेल तेव्हा.” आणि तिने माझा हात धरला. म्हणाली, “मी तुला उगाच वाईट समजत होते.” ती किती वेळ हात धरून होती असं विचारू नये. त्या रात्री मी ठरवलं की सांगायचं.

इथे अंमलदारांनी लेखणी ठेवली आणि म्हणाले, “हे बघ पोरा. दोरा खरा निघाला, बटण खरं निघालं, किल्ली खरी निघाली. म्हणजे एकतर तू त्याला भेटलास आणि आता लपवतोयस, नाहीतर तूच काहीतरी केलंयस. न भेटता हे सगळं कसं कळेल? दोन्ही लिहिता येत नाही.” मी म्हणालो, दोन्ही लिहा. मी भेटलो नाही, आणि ते खरं निघालं. कसं ते मला माहीत नाही. मला संशयित करायचं तर करा, इथेच बसवून ठेवा, पण त्या माणसाला शोधा. तेवीस दिवस झाले. रुग्णालयांत विचारा, कालव्याच्या काठाने जा, दुकानाच्या मागची गल्ली बघा. ते दर मंगळवारी जिन्याखाली येतात असं समजून कोणी बसू नका. मी हे थोडं मोठ्याने बोललो, त्याबद्दल माफी मागतो.

आज, मंगळवार, तारीख २५, सायंकाळी ५.४० वाजता मी इमारतीत गेलो. या वेळी खाली थांबलो नाही, सरळ वर गेलो. दार मुलीने उघडलं. गळ्यात ओळखपत्र होतं, मी ते झाकलं नाही. काकू पलंगावर गुडघ्याला पट्टा बांधत होत्या. मी उभ्या उभ्या सांगितलं, “काकू, मी त्यांना कधीच भेटलो नाही. खाली उभा राहून मनाने लिहायचो. वर यायची लाज वाटायची म्हणून. गेल्या मंगळवारी मी एकटाच बोलत होतो.”

मुलगी म्हणाली, “तुला त्यांनी शपथ घातलीय ना, न सांगायची?”

“कोणी शपथ घातलेली नाही. खोटं होतं सगळं.”

“मग किल्ली?”

“नाही माहीत.”

“बटण?”

“नाही माहीत मला! देवाशप्पथ नाही माहीत!” इथे माझा आवाज चढला, तो चढायला नको होता.

तेवढ्यात दोघी एकाच वेळी दाराकडे वळल्या. काकूंच्या हातातला पट्टा तसाच राहिला. त्या हळूच म्हणाल्या, “आले.”

“कोण?”

मुलीने तोंडावर बोट ठेवलं. मी कान देऊन ऐकलं. मला फक्त स्वयंपाकघरातला नळ ऐकू येत होता. त्या दोघींना आणखी काहीतरी ऐकू येत होतं, कारण दोघी एकाच जागी हसल्या, एकाच जागी थांबल्या. मग मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं, परक्या माणसाकडे पाहावं तसं. म्हणाली, “तूही आहेस खाली. तूच विचारतोयस त्यांना.”

मी म्हणालो, “मी इथे आहे.”

ती दाराच्या फळीला कान लावून उभी राहिली.

मी पिशवीतून कोरा कागद काढला आणि त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवून भरला. वेळ ५.५२. कर्जदार: भेटले नाहीत. आधीच्या तीन तारखांनाही भेटलेले नाहीत. बोलणं: काही नाही. खूण: काही नाही. खाली घरातल्या हजर व्यक्तीची सही लागते, ती असेल तरच कागद ग्राह्य धरतात. मी तो मुलीसमोर धरला. तिने वाचला आणि माझ्या अंगावर भिरकावला. “खोटं लिहू नकोस,” ती म्हणाली. “यावर सही केली की ते त्यांना नदीनाल्यात शोधायला लागतील. माझे बाबा खाली उभे आहेत.”

मी कागद उचलला. तो पुन्हा पुढे करायचा धीर मला झाला नाही.

काकू म्हणाल्या, “आण इकडे.”

मुलगी म्हणाली, “आई, नको. ऐक ना, तुझंच विचारतायत.”

“ऐकतेय ना. गुडघा कसाय म्हणतायत.” काकू थोडा वेळ तशाच ऐकत राहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सत्तावीस वर्षं झाली लग्नाला. माझा पाय मोडला होता तेव्हासुद्धा ह्या माणसाने जेवायला किती वेळ आहे एवढंच विचारलं. वाईट नव्हते, पण तसं विचारायचं त्यांना सुचायचंच नाही. गुडघ्याचं तुला सुचलं, बाळा.” त्यांनी पेन घेतलं आणि सही केली. सही लांबलचक आहे, कारण त्यांनी नावापुढे नवऱ्याचं नावही पूर्ण लिहिलं. तो कागद या जबाबासोबत जोडला आहे.

मुलीने दार अडवलं होतं. काकू म्हणाल्या, “जाऊ दे त्याला. आणि तू माझ्याजवळ बस.” ती बाजूला झाली, माझ्याकडे न बघता. जाताना तिला काही बोललो का, असं विचारण्यात आलं. बोलायचं होतं. काकू पलंगावरून म्हणाल्या, “दार नीट लाव रे. आवाज आत येतो.” मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

वरचा मजकूर अंमलदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. जिथे मी “दोन्ही लिहा” म्हणालो तिथे दोन्ही लिहिलेलं आहे. मी सांगितलं त्याप्रमाणेच तो आहे, कोणी धाकाने वदवून घेतलेला नाही, म्हणून खाली सही करतो.